आयुष्याची दोरी, मोजून मिळेल

परवा रात्री साडेअकराला एका जुन्या मित्राचा फोन आला. या वयात इतक्या उशिरा फोन वाजला की आधी पोटात गोळाच येतो. पण तसं काही नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "अरे, मी त्रेसष्ट वर्षांचा आहे."

मी म्हणालो, "झोप आता. तू पंचावन्नचा आहेस. आपण एका बाकावर बसायचो."

मग उलगडा झाला. मुलाने वाढदिवसाची भेट म्हणून एका लॅबचं भलंमोठं पॅकेज घेऊन दिलं होतं. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड या नेहमीच्या मंडळींबरोबर त्यात एक नवा पाहुणा होता, टेलोमिअरची तपासणी. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, तुमचं जैविक वय ६३. खाली सल्ला होता: ताण कमी करा, ध्यान करा, आमच्या तज्ज्ञांशी बोला. तज्ज्ञांचा फोनही लगोलग आला आणि त्यांनी तीन महिन्यांचा गोळ्यांचा कोर्स सुचवला. किंमत विचारू नका.

हा माझा मित्र गेली सहा वर्षं स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना घरी सांभाळतोय. रात्री तीन-तीनदा उठतो. त्याला ताण आहे हे सांगायला रक्त काढायची काहीच गरज नव्हती. पण आता त्या ताणाच्या जोडीला आठ वर्षं आयुष्य गमावल्याची भीतीही त्याच्या उशाशी येऊन बसली आहे. मी फोन ठेवला आणि चिडलो. चिडलो की मला लिहावंसं वाटतं, म्हणून हा प्रपंच.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. टेलोमिअर खरे आहेत, त्यामागचं विज्ञान फार सुंदर आहे आणि त्याला मिळालेलं नोबेल शंभर टक्के योग्य आहे. पण टेलोमिअरची लांबी मोजून एका माणसाला त्याचं 'खरं वय' सांगणं हे पत्रिका बघण्यापेक्षा फारसं वेगळं नाही. उलट ज्योतिषी बरा. तो निदान साडेसातीचा दोष शनीला देतो, तुमच्या डोक्यावर टाकत नाही.

आता टेलोमिअर म्हणजे काय ते थोडक्यात. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी कापली की तिची टोकं सुटायला लागतात. मग आपण काडी पेटवून टोक जरासं जाळतो, ते वितळून घट्ट होतं आणि दोरी उसवत नाही. आपल्या पेशींतल्या गुणसूत्रांच्या टोकांना निसर्गाने अशीच सोय केलेली आहे. माणसात टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरं तिथे हजारो वेळा लिहिलेली असतात. त्यातून कुठलं प्रथिन बनत नाही. त्यांचं काम टोक राखण्याचं.

गंमत अशी की पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा अगदी शेवटच्या तुकड्याची नक्कल नीट होत नाही. जमीन सारवत मागे सरकणाऱ्या माणसाला स्वतःच्या पायाखालची जागा सारवता येत नाही, तसंच. त्यामुळे दर विभाजनाला टोक थोडंथोडं झिजतं. मॉस्कोच्या अलेक्सी ओलोव्हनिकोव्हने १९७१ मध्ये निव्वळ तर्काने हे मांडलं. त्याला कोडं पडलं होतं ते लेनर्ड हेफ्लिकच्या प्रयोगाचं. काचेच्या बशीत वाढवलेल्या माणसाच्या पेशी साधारण पन्नास वेळा विभागल्या की थांबतात, असं हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं. तोवर जग अलेक्सिस कॅरेलच्या शब्दावर विसंबून होतं. बशीतल्या पेशी अमर असतात असं तो म्हणायचा, आणि तो नोबेलविजेता, मग बोलणार कोण? हेफ्लिक बोलला आणि बरोबर ठरला.

पुढची गोष्ट एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांची. डबक्यात राहणाऱ्या टेट्राहायमिना नावाच्या एकपेशीय जिवाच्या टोकांचा अभ्यास करताना ब्लॅकबर्न आणि त्यांची विद्यार्थिनी ग्रायडर यांना झिजलेलं टोक पुन्हा भरून काढणारं एक विकर सापडलं. ग्रायडरना त्याची पहिली खूण दिसली ती १९८४च्या नाताळच्या दिवशी, सगळे सुट्टीवर असताना. त्याचं नाव टेलोमरेज. २००९ मध्ये तिघांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. त्याआधी १९९८ मध्ये बशीतल्या माणसाच्या पेशींना टेलोमरेज दिल्यावर त्या हेफ्लिकची मर्यादा ओलांडून विभागत राहिल्या, हेही सिद्ध झालं होतं.

इथवर सगळं विज्ञान. यापुढे बाजार सुरू होतो. बाजाराने सोपा हिशेब मांडला. पेशी म्हातारी होते कारण टोक झिजतं, माणूस पेशींचा बनलेला, म्हणून टोक मोजलं की माणसाचं वय कळलं आणि टोक वाढवलं की माणूस तरुण झाला! कसं छान जमतंय ना? दुर्दैवाने यातली एकेक पायरी निसरडी आहे.

पहिली पायरी बाळंतिणीच्या वॉर्डातली. जन्मतः आपल्या पांढऱ्या पेशींतल्या टेलोमिअरची लांबी साधारण दहा हजार अक्षरांच्या आसपास असते. मोठेपणी वर्षाला वीस ते चाळीस अक्षरं कमी होतात. पण एकाच दिवशी जन्मलेल्या दोन बाळांमध्ये हजार अक्षरांचा फरक सहज असू शकतो, आणि तो बराचसा आनुवंशिक असतो. वर्षाला पंचवीस अक्षरं धरली तर हिशेबाने एक बाळ दुसऱ्यापेक्षा जन्मतःच चाळीस वर्षांनी म्हातारं! त्याच्या बारशाला पेढे वाटायचे की काशीयात्रेचं तिकीट काढायचं? माणसामाणसांतल्या टेलोमिअरच्या फरकांपैकी वयामुळे पडणारा फरक जेमतेम दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी आहे. म्हणजे माझ्या मित्राचा आकडा त्याच्या वयाबद्दल बोलत नसून त्याच्या आईवडिलांबद्दल बोलत असण्याची शक्यताच जास्त.

दुसरी पायरी तराजूची. अशा तपासण्यांत सर्रास वापरली जाणारी स्वस्त पद्धत थेट लांबी मोजतच नाही. ती टेलोमिअरच्या अक्षरांचं दुसऱ्या एखाद्या जनुकाशी असलेलं प्रमाण काढते आणि त्यावरून सरासरीचा अंदाज बांधते. या पद्धतीत पाच टक्क्यांची चूक म्हणजे अगदी नेहमीची गोष्ट. सात हजार अक्षरांचे पाच टक्के म्हणजे साडेतीनशे, आणि वर्षाला पंचवीसच्या हिशेबाने चौदा वर्षं! ज्या काट्यात चौदा वर्षांची खोट आहे, त्यावर माझ्या मित्राची आठ वर्षं तोलली गेली. भाजीवाल्याचा काटा असा निघाला असता तर आपण रस्त्यात भांडलो असतो. इथे मात्र लाल अक्षरांपुढे हात जोडतो.

त्यातून मोजतात ते रक्त. पांढऱ्या पेशींचे प्रकार अनेक आणि प्रत्येकाच्या टेलोमिअरची लांबी निराळी. कुठला जंतुसंसर्ग झाला, पेशींचं मिश्रण बदललं, की सरासरी बदलते. शिवाय मेंदूतल्या बहुतेक पेशी आणि हृदयाच्या स्नायूंच्या पेशी मोठेपणी जवळजवळ विभागतच नाहीत. जिथे विभाजनच नाही तिथे या झिजण्याचा हिशेब लागू कसा करणार? मित्राच्या वडिलांच्या मेंदूत जे काही चाललंय ते त्यांच्या रक्तातल्या टेलोमिअरवरून वाचता येणार नाही.

तिसरी पायरी लांब टोक म्हणजे लांब आयुष्य, ही. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या कित्येक जातींचे टेलोमिअर माणसापेक्षा कितीतरी लांब असतात, पन्नास हजार अक्षरांच्या घरातले. उंदीर जगतो दोन-तीन वर्षं. बरं, उंदीर सोडा, माणसांचं बोलू. अमेरिकेत कृष्णवर्णीय लोकांच्या पांढऱ्या पेशींतले टेलोमिअर गोऱ्या लोकांपेक्षा सरासरीने लांब असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आणि सरासरी आयुर्मान कुणाचं कमी? कृष्णवर्णीयांचंच. त्यांची वर्षं ज्या गोष्टींनी हिरावली, त्यांतल्या बऱ्याच गुणसूत्राच्या टोकाला नाहीत. त्या वस्तीत आहेत, दवाखान्याच्या अंतरात आहेत, विम्याच्या कागदात आहेत. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे.

आणि अंतराळवीर स्कॉट केली! २०१५-१६ मध्ये हा गृहस्थ सलग ३४० दिवस अंतराळात राहिला. त्याचा जुळा भाऊ मार्क पृथ्वीवर. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष छापून आले, आणि अंतराळात स्कॉटचे टेलोमिअर चक्क लांब झाले होते! किरणोत्सर्ग, बंद डबा, विस्कटलेली झोप, हाडांची झीज, आणि टेलोमिअर लांब. जमिनीवर उतरल्यावर थोड्याच दिवसांत ते पुन्हा आखूड झाले. लॅबच्या भाषेत बोलायचं तर तो वर जाऊन तरुण झाला आणि घरी येऊन दोन दिवसांत म्हातारा. असं घड्याळ तुम्ही मनगटावर बांधाल का?

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. टोकं झिजतात ती निसर्गाची चूक आहे असं आपण गृहीत धरतो. पण ती बऱ्याच अंशी राखण आहे. पेशी बिघडून बेसुमार वाढू लागली की झिजणारं टोक तिला कधीतरी थांबवतं. ही राखण मोडायला कॅन्सरच्या पेशी काय करतात? टेलोमरेज पुन्हा चालू करतात. दहातल्या साडेआठ-नऊ कॅन्सरमध्ये हे दिसतं. अमर पेशी हव्या आहेत? आहेत की! हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून १९५१ मध्ये, तिला न विचारता, काढलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत विभागत आहेत. पेशी अमर झाल्या. हेन्रिएटा त्याच वर्षी ऑक्टोबरात गेली, एकतिसाव्या वर्षी.

हे फक्त बशीतलंही नाही. ज्यांचे टेलोमिअर जनुकांमुळे जन्मतःच लांब असतात, त्यांना हृदयविकाराचा धोका थोडा कमी, पण अनेक प्रकारच्या कॅन्सरचा धोका जास्त, असं मोठ्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. २०२३ मध्ये मेरी अरमानिओस यांच्या गटाने पॉट१ नावाच्या जनुकात बदल असलेली काही कुटुंबं अभ्यासली. या लोकांचे टेलोमिअर खूप लांब. काहींचे केसही म्हणे उशिरा पिकलेले. जाहिरातीत छापावीत अशी माणसं! पण त्यांच्यात गाठी, कॅन्सर आणि रक्तातल्या बिघडलेल्या पेशींचं पीक दिसून आलं. आखूड टोकाचा एक धोका, लांब टोकाचा दुसरा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या पायवाटेवर बहुतेक माणसं निवांत चाललेली. त्यांना टोक लांब करायच्या गोळ्या विकणारा माणूस नक्की कुठल्या बाजूला ढकलतो आहे, हे त्याला तरी ठाऊक आहे का?

गोळ्यांचं म्हणाल तर त्याचीही नोंद आहे. ॲस्ट्रॅगॅलस या वनस्पतीपासून काढलेलं 'टीए-६५' नावाचं उत्पादन अमेरिकेत टेलोमरेज जागं करणारं म्हणून वर्षानुवर्षं विकलं गेलं. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर ठपका ठेवला की म्हातारपण उलटवण्याच्या या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही. आणि तपासणीच्या धंद्याचं तर असं, की खुद्द नोबेलविजेत्या ब्लॅकबर्न टेलोमिअर मोजणाऱ्या एका कंपनीच्या संस्थापकांत होत्या, आणि त्यांच्याबरोबर नोबेल घेणाऱ्या ग्रायडर यांनी लोकांना असं वय सांगत सुटण्याबद्दल उघड नापसंती दाखवली. एकाच शोधाच्या दोन मानकरी, दोन मतं. आपल्याकडच्या पत्रकावर मात्र 'नोबेलप्राप्त तंत्रज्ञान' एवढंच छापलेलं असतं!

तुम्ही म्हणाल, एवढे अभ्यास झाले ते सगळे खोटे का? नाहीत. २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये रिचर्ड कॉथन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. युटामधल्या साठीपुढच्या १४३ लोकांत आखूड टेलोमिअरवाल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. पुढे हजारो लोकांच्या अभ्यासांतही दिशा तीच राहिली. मी ते नाकारत नाही. पण समूहाबद्दलचं खरं विधान एका माणसाच्या तोंडावर फेकलं की ते खरं राहतंच असं नाही. उंच माणसं सरासरीने वजनदार असतात. म्हणून माझी उंची मोजून माझं वजन सांगा बरं!

डीन ऑर्निश यांचा २०१३चा अभ्यासही असाच मिरवला जातो. आहार, व्यायाम, ध्यान, माणसांचा आधार, आणि पाच वर्षांत टेलोमिअर दहा टक्के वाढले. किती जणांचे? दहा. तुलनेला पंचवीस. २०२० मध्ये इस्राएलमधून बातमी आली की दाबाखालच्या ऑक्सिजनची साठ सत्रं घेतल्यावर म्हातारपण उलटलं, टेलोमिअर वीस टक्क्यांहून अधिक लांबले. भाग घेणारे ३५, आणि तुलनेला गटच नाही. रक्तातल्या पेशींचं मिश्रण बदललं की सरासरी बदलते हे आपण आत्ताच पाहिलं. पण मथळा छापून झाला, फॉरवर्ड होऊन झाला, आणि आमच्या ग्रुपवर तीन जणांनी अंगठा दाखवून झाला.

आता मूळ दुखण्याकडे येतो. ताण आणि टेलोमिअर हे लग्न लावलं ते २००४च्या एका निबंधाने. एलिसा एपल, ब्लॅकबर्न आणि सहकारी. अभ्यासात ५८ आया होत्या. त्यातल्या बऱ्याच जणी दीर्घ आजारी मुलांचं करणाऱ्या, बाकीच्यांची मुलं धडधाकट. ज्यांना सर्वात जास्त ताण जाणवत होता त्यांचे टेलोमिअर सर्वात कमी ताण असलेल्यांपेक्षा निदान दहा वर्षांच्या झिजेइतके आखूड निघाले. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हा संबंध फारच अशक्त ठरला. पण क्षणभर धरून चालू की तो पूर्ण खरा आहे. मग त्याचा अर्थ काय?

मला विचाराल तर सरळ अर्थ असा की आजारी लेकरू वर्षानुवर्षं एकटीने सांभाळणाऱ्या बाईला मदत हवी. चार तास कुणी येऊन बसायला हवं, पगारी रजा हवी, परवडेल असा दवाखाना हवा. पण वीस वर्षांत त्या अभ्यासाचं झालं काय? त्या बाईलाच सांगण्यात आलं, ताण घेऊ नकोस, श्वासाकडे लक्ष दे, तुझे टेलोमिअर तुझ्या हातात आहेत. म्हणजे आधी मुलाचं करायचं, मग स्वतःच्या गुणसूत्रांची टोकंही तिनेच सांभाळायची! आणि आखूड निघाली तर चूक कुणाची? तिचीच. जे दुखणं घराचं, समाजाचं, सरकारचं, ते तिच्या रक्तात घालून तिलाच परत विकलं. माझी खरी तक्रार ही आहे. वयाचा आकडा चुकीचा आहे ते एक वेळ सोडून देईन.

ध्यानाला माझा विरोध नाही. चालावं, वेळेवर झोपावं, तंबाखू सोडावी, सगळं मान्य. पण हे सांगायला आमच्या आजीला टेलोमिअर लागले नव्हते.

आणि हो, टेलोमिअर मोजण्याची खरी गरज असणारे लोक आहेत. काही कुटुंबांत टेलोमरेजच्या किंवा त्याच्याशी संबंधित जनुकांतच दोष असतो. लहान वयात अस्थिमज्जा रक्त बनवेनाशी होते, कुणाची फुप्फुसं दगडासारखी घट्ट होत जातात, विशीत केस पांढरे होतात. तिथे वेगळ्या, काटेकोर पद्धतीने, त्या वयाच्या निरोगी लोकांशी ताडून टेलोमिअर मोजतात आणि त्यावर उपचार ठरतात. अस्थिमज्जा बदलताना औषधं किती जोरात द्यायची, घरातला कुठला भाऊ दाता म्हणून चालेल, असे जीवनमरणाचे प्रश्न त्यातून सुटतात. अशा रोग्याला ही तपासणी वेळेवर सुचवली जावी म्हणून कुणी पॅकेजची जाहिरात करत नाही. कारण असे लोक थोडे. म्हातारपणाला भिणारे मात्र आपण सगळेच.

मित्राला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. सांगितलं, त्या रिपोर्टची पहिली पानं जपून ठेव. तुझा रक्तदाब आणि साखर दोन्ही काठावर आहेत, त्याचं बघ. शेवटचं पान फाडून टाक. गोळ्यांच्या पैशात ब्युरोतून महिनाभर रात्रीचा माणूस येतो का ते विचार. तो म्हणाला, "बाबा अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाहीत रे." मी म्हणालो, "मग ओळखीचा चालेल?"

रविवारी दुपारी गेलो होतो. काकांनी मला तीनदा नाव विचारलं आणि तीनही वेळा आपुलकीने बस म्हणाले. तो आतल्या खोलीत अडीच तास झोपला. घोरण्याचा आवाज बाहेर येत होता. त्याचे टेलोमिअर किती वाढले ते काही कळायला मार्ग नाही.

असो. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.